नकोशीची गूळतुला

धोंडाबाईचा धाकटा लेक महिपती डॉक्टर झाला, एवढं वस्तीला कळलं. पण डॉक्टर होऊनही तो अजून शिकतोच आहे, हे काही केल्या कळेना. पुण्यात पाच-सहा वर्षं काढली, मोठी परीक्षा दिली, गळ्यात नळी आली. आता इंदापुरात पाटी लावायची आणि सुखानं सुया टोचायच्या. तर हा उठला, मुंबईला गेला आणि तिथल्या पोरांच्या इस्पितळात पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसला.

धोंडाबाईचा चुलतदीर सोनबा जिभेचा तिखट. वस्तीवर चार माणसं जमली की म्हणायचा, "ढोरांचा डॉक्टर ऐकला, माणसांचा ऐकला. आता पोरांचा येगळा निगाला. उद्या म्हाताऱ्यांचा निगंल, तवा माझं नाव आदी लावा."

लोक हसायचे. धोंडाबाईही हसायची, पण पदराआड. एका सुट्टीत लेक घरी आला तेव्हा तिनं त्याला विचारलंच, की बाबा, पोराचं आणि थोराचं दुखणं एवढं का वेगळं असतं? तेव्हा त्यानं सांगितलं. पहिले काही महिने त्याला सुईला हातसुद्धा लावू दिला नव्हता. नुसतं बघायला लावलं. पोर आईच्या खांद्यावर झोपलेलं असताना त्याचं पोट कसं वरखाली होतं ते बघायचं. नळी आधी तळहातात धरून उबवायची, मग छातीला लावायची. घसा सगळ्यात शेवटी, कारण पोर एकदा बिथरलं की छातीतलं काही ऐकू येत नाही. थोर माणूस बोट दाखवून सांगतं, इथं दुखतंय. पोराचं तसं नाही. त्याच्या अंगालाच विचारावं लागतं. आणि सगळं शिकून झालं की परीक्षेला एक अनोळखी पोर पुढ्यात ठेवतात. वडीलधारे डॉक्टर भोवतीनं उभे राहतात आणि म्हणतात, सांग, याला काय झालंय?

"आन् न्हाय सांगता आलं तर?" धोंडाबाईनं विचारलं.

"तर परत शिकायचं. परीक्षेत चुकलं तर माझं वरीस जातं, आये. वार्डात चुकलं तर पोर जातं."

धोंडाबाईनं मान हलवली. पटलं असं नाही, पण लेकाच्या आवाजातलं काहीतरी तिच्या काळजाला लागलं.

ही धनगरांची वस्ती लासुर्ण्याजवळ, कालव्याच्या काठाला. धोंडाबाईचा जन्म मेंढरांमागं गेला होता. पाटाचं पाणी आलं, माळाचं रान झालं, रानात ऊस उभा राहिला, आणि थोरल्या म्हस्कूनं एका उन्हाळ्यात मेंढरं मोडली. मागोमाग शेरडंही गेली, कारण उसात शिरायची. दावणीला राहिली एक बैलजोडी. दूध सरलं तसा गूळ आला. गुऱ्हाळाच्या दिवसांत घरात गुळाचा असा दरवळ असायचा की पाहुणा उंबऱ्यातच म्हणायचा, लक्ष्मी आली बाई तुमच्यात.

म्हस्कूला दोन मुली होत्या. तिसरीही मुलगीच झाली. तेव्हा पाचवीच्या दिवशी धोंडाबाईनंच नाव काढलं, नकोशी. असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा येतो, ही जुनी रीत. द्वारका, म्हस्कूची बायको, पोरीला छातीशी धरून भिंतीकडं तोंड करून निजली होती.

पण नाव एक असतं आणि माया दुसरी. पोर रांगायला लागली ती आजीच्याच मागं. चुलीपाशी आजी, तर चुलीपाशी नकोशी. जात्यापाशी आजी, तर जात्याच्या पाळूला धरून उभी. मग गोवर आला आणि पोर तापानं फणफणली. डोळे मिटले ते उघडेनात. तेव्हा धोंडाबाई अनवाणी बिरोबाच्या देवळात गेली आणि उंबऱ्यावर डोकं टेकून म्हणाली, "देवा, नाव मी ठिवलं, चूक माझी. पोरीला राख. तिच्या भाराइतका गूळ तुज्या पायाशी तोलीन." नवस बोलूनही तिचं मन निवलं नाही. येताना वाटभर ती रडत आली. आपणच नको म्हटलेलं लेकरू देवानं आपलं ऐकून नेलं तर?

पोर वाचली. गोवर गेला. पण त्याच सुमाराला द्वारकाला पुन्हा दिवस गेले. पोटुशीचं दूध पोराला बाधतं, म्हणून धोंडाबाईनं त्याच दिवशी नकोशीला अंगावरून तोडली. द्वारकाच्या छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावला. दूध तुटलं तशी पोर गुळवणीवर आली. शाळूच्या पिठाची पातळ पेज, त्यात बक्कळ गूळ. पोर मुकाट्यानं प्यायची. द्वारकाला मुलगा झाला, वस्तीभर पेढे वाटले, आणि त्या धांदलीत कधी कोण जाणे, नकोशीनं बाळसं धरलं.

गाल फुगले, पावलं गुबगुबीत झाली, मनगटाला वळी पडली. केसही तांबूस, भुरभुरीत झाले, एखाद्या साहेबाच्या पोरीसारखे. पूर्वी अंगणभर धावणारी पोर आता ठेवावं तिथं बसून राहायची. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारणी म्हणायच्या, शहाणी गं बाई नात तुझी. धोंडाबाई गालावर काजळाची तीट लावायची आणि जात्यावर बसून गायची,

गुळाच्या पारड्यात, माझी साखर बसली
बिरोबाच्या दारी, नात आजीला दिसली

तिची खात्री झाली होती की देव पावला. आता नवस फेडायचा.

तुलेच्या दिवशी देवळापुढल्या लिंबाला मोठा ताजवा टांगला. भंडाऱ्यानं पारडी पिवळी केली. महिपती शेवटच्या परीक्षेआधी चार दिवस म्हणून घरी आला होता. तो गर्दीच्या कडेला उभा राहिला. एका पारड्यात नकोशीला बसवलं, दुसऱ्यात म्हस्कू गूळ घालू लागला. वाटलं होतं त्याहून जास्त गूळ चढला. अजून एक खडा, अजून एक, तरी पारडं जड पोरीचंच. लोक खूष झाले. सोनबा म्हणाला, "वयनी, गुऱ्हाळच बसवाय पायजे व्हतं की पारड्यात." बायका हसल्या. धोंडाबाईचे डोळे भरून आले. नको म्हटलेली पोर देवानं सोन्यासारखी जड करून परत दिली होती.

महिपती मात्र पोरीकडं बघत होता. एवढं पारडं हिंदकळलं, पण तिनं साखळी धरली नाही. हाताशी गुळाचा खडा पडला, तिनं बघितलंही नाही. गर्दीत आईला शोधलं नाही. तो पुढं झाला, पारड्यापाशी उकिडवा बसला आणि गोंजारल्यासारखं करून त्यानं तिच्या पावलावर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तर तिथं खळगा. ओल्या मातीत बोट रुतावं तसा. तो तसाच राहिला, भरून येईना.

तो देवळात गूळ वाटून होईस्तोवर थांबला. भंडारा कपाळाला लावला. घरी आल्यावर, माणसं पांगल्यावर आईला आत बोलावून तो खालच्या आवाजात म्हणाला, "आये, ह्ये बाळसं न्हाय. पाणी हाय."

धोंडाबाईला आधी समजलंच नाही. मग त्यानं तिचाच अंगठा धरून पोरीच्या नडगीवर दाबला. खळगा बघून तिनं पोरीचा पाय पदराखाली झाकला आणि म्हणाली, "सूज असंल. उतरंल. सारी वस्ती बघत व्हती, देवाच्या ताजव्यात भरली पोर."

त्यानं समजावलं. मेंढरं गेली, शेरडं गेली, आईचं दूध तुटलं. पोटाला गोड मिळालं, पण अंग ज्यानं भरतं ते काही मिळालं नाही. आधी गोवरानं खाल्लेलं अंग, ते आतून पोखरत गेलं आणि पोकळीत पाणी साठलं. अशी पोरं मुंबईच्या वार्डात त्यानं पाहिली होती. त्यांतली सारी वाचली नव्हती. तेही त्यानं आईपासून लपवलं नाही.

"मग मीच मारली म्हण की," धोंडाबाई म्हणाली. "नाव बी मीच ठिवलं, दूध बी मीच तोडलं."

"मारायची गोष्ट न्हाय. जगवायची हाय. पण तुला एक सांगतो, त्ये नीट ऐक." महिपतीनं तिचे दोन्ही हात धरले. "औषिद लागू पडलं का पोर आदी वाळंल. पाणी निगून जाईल आन् खाली जी खरी पोर हाय ती दिसंल. ती बघून भ्या वाटंल. लोक म्हणतील पोर चालली. तवा उचलून आणू नगंस."

दुसऱ्या दिवशी द्वारका तान्ह्या बाळापाशी राहिली आणि धोंडाबाई-महिपतीनं पोरीला एसटीनं बारामतीला नेलं. तिथल्या सरकारी दवाखान्यात खाटा थोड्या, डॉक्टर एकटाच आणि रोगी मायंदाळ. महिपतीनं त्या डॉक्टरांशी बोलून एक खाट मिळवली. तो स्वतः अजून शिकाऊ, हे त्यानं आपणहून सांगितलं. काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. साय काढलेलं दूध, चमच्या-चमच्यानं, घटकेघटकेनं, दिवसा आणि रात्रीही. गुळवणी बंद. अंगाला ऊब. एकदम भरपूर पाजायचं नाही. हपापल्या पोटाला एकदम दिलं तर तेच उलटतं. महिपतीनं पहिले दोन दिवस स्वतः भरवलं. चमचा ओठाला टेकवून तो थांबायचा. पोर तोंड उघडेपर्यंत थांबायचा. एवढा मोठा डॉक्टर, आणि त्याला दोन वर्षं हे थांबणं शिकवलं होतं, हे धोंडाबाईला तेव्हा दिसलं.

मग त्याचा परीक्षेला निघायचा दिवस आला. तो म्हणाला, जात नाही, पुढल्या खेपेला देईन. धोंडाबाईनं दवाखान्याच्या व्हरांड्याकडं पाहिलं. तिथं एक बाई अशीच सुजलेली पोर मांडीवर घेऊन बसली होती. पोर बाळसेदार दिसते म्हणून तिलाही कुणी आजवर अडवलं नव्हतं. "जा," धोंडाबाई म्हणाली. "हितं चमचा मी धरती. तू तितं नीट सांग त्येंला."

दौंडच्या गाडीनं तो गेला. आधी लेखी पेपर आणि पोर पुढ्यात ठेवायची परीक्षा आठ-दहा दिवसांनी, असं सांगून गेला.

त्यानं सांगितलं होतं तसंच झालं, पण सांगितलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं यात अंतर असतं. पोर लघवीला वारंवार जाऊ लागली आणि दिवसागणिक उतरत चालली. आधी पावलं गेली, मग गाल. गळ्याची हाडं वर आली. मांडीची कातडी सुकून पोपडे धरू लागली, खाली लाल मांस दिसू लागलं. दात मोठे वाटू लागले. एके सकाळी धोंडाबाईनं तिला उचललं आणि तिला वाटलं आपण नुसतं लुगडंच उचललं. चेहरा तर म्हातारीचा झाला होता, धोंडाबाईच्याच आईचा. जाळायला नेली त्या दिवशीचा.

रोज ती अंगठा दाबून बघायची. खळगा उथळ होत होता. अंगठा सांगायचा, ठीक चाललंय. डोळे सांगायचे, पोर चालली. दोघांच्या मधे ती बसून राहायची.

नर्स रंगूबाई कोरडी पण कामाची बाई होती. कधी भाकरी आणून द्यायची, कधी अर्धी घटका चमचा धरायची. पहिल्या दिवशी तिनं पोरीचं नाव विचारलं तेव्हा धोंडाबाईला ते नाव सांगवेना. म्हणाली, पोरगी म्हणा. रंगूबाईनं वर पाहिलं, काय ते समजली आणि पुन्हा विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर भवानीनगरकडचं पोर होतं, त्याच दुखण्याचं. त्याची आई रात्री गपचूप त्याला घरून आणलेली गुळाची पेज पाजायची, कारण तिला त्याचं वाळणं बघवेना. ते पोर एका पहाटे गेलं. आईनं टाहो फोडला नाही. तिनं कुंची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली. धोंडाबाई आपल्या खाटेवर पोरीला कुशीत घेऊन तिच्याकडं पाठ करून बसली. तिला त्या बाईकडं बघण्याचं धैर्य झालं नाही.

त्याच दुपारी म्हस्कू आणि सोनबा आले.

म्हस्कूनं खाटेकडं पाहिलं, मग दुसऱ्या खाटेकडं, जणू आपली पोर दुसरीकडं कुठं असेल. ती हीच म्हटल्यावर तो खाली बसला. ताजव्यात गुळाला भारी पडलेली त्याची पोर, तिच्या जागी हा हाडांचा सापळा. मग म्हणाला, "आये, हिचं काय करून ठिवलंस?"

सोनबाच्या जिभेला त्या दिवशी धार नव्हती. वस्तीवर बायका काय बोलतात ते त्यानं सांगितलं. देवानं सगळ्यांदेखत पोर भरून दिली होती. ती दवाखान्यात नेऊन, अंगठे दाबून, दूध पाण्यासारखं करून पाजली, तर देवाचं मन मोडणारच. देवरुषी म्हणाला होता, पोरीला देवळात आणून निजवा, अजून वेळ गेली नाही. द्वारकानं चूल पेटवली नव्हती. परतीची एसटी दिवेलागणीच्या आत होती. डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत होता, आणि रंगूबाईनं एवढंच सांगितलं की पोर तुमचं, आम्ही बांधून ठेवत नाही. नेली तर वाटेतच काही होईल, हे मात्र सांगून ठेवते.

म्हस्कूनं पोरीला उचललं. लुगड्यात गुंडाळलं. धोंडाबाईनं त्याला अडवलं नाही. तिनंही गाठोडं बांधलं. वाटी, चमचा, अंगडी, सगळं भरलं. तिचे हात काम करत होते आणि मन त्या शेजारच्या खाटेवरच्या घडी घातलेल्या कुंचीत अडकलं होतं. लेक मुंबईत होता. लेकाचा अंगठा नव्हता, त्याचा आवाज नव्हता. राहिलं होतं एवढंच, की त्यानं सांगितलं होतं आणि तिनं ऐकलं होतं. पोर मरणारच असेल तर देवाच्या पायाशी मरू दे, परक्या खाटेवर नको, असं तिला वाटलं. आणि दारापर्यंत ती गेलीसुद्धा.

दारात म्हस्कू म्हणाला, "देवाच्या ताजव्यात तोललेली पोर, असं कसं झालं?"

धोंडाबाई थांबली. "म्हस्कू, त्या दिशी आपून देवाम्होरं काय तोललं?"

"काय म्हंजी? पोरीला तोललं."

"न्हाय. पाणी तोललं." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पोरीच्या भाराचा गूळ बोलली व्हती मी. पोर एवढी." तिनं म्हस्कूच्या हातातल्या गुंडाळीवर तळवा ठेवला. "बाकीचं पाणी. पाण्याच्या भाराचा गूळ वाटून आलो आपून. नवस फिटला न्हाय."

"वयनी," सोनबा हळूच म्हणाला, "देवाला कायदा सांगतीस व्हय?"

"कायदा न्हाय सांगत, भावजी. पायाशी बसून मागती. ही खरी पोर तोलाय मिळाली न्हाय मला अजून. ज्या दिशी तिच्या अंगावर तिचं सोताचं मांस यील, त्या दिशी तोलीन. तवर त्येचा नवस माज्या डोईवर हाय. नवस फेडायचा ऱ्हायला आसताना तो तिला न्हेणार न्हाय. आन् तुमीबी न्यायची न्हाय."

"आन् नेली तर त्यानं?" म्हस्कूनं विचारलं.

धोंडाबाई नुसती हात पुढं करून उभी राहिली. व्हरांड्यातून माणसं येत-जात होती. बाहेर टांगेवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. म्हस्कू तिच्या हातांकडं बघत राहिला. त्याच हातांनी त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. शेवटी त्यानं पोर त्या हातांवर ठेवली.

जाताना सोनबानं खांद्यावरचं घोंगडं काढून खाटेच्या पायथ्याशी टाकलं. "रातीचं गार पडतं," एवढंच म्हणाला. म्हस्कू दारातून दोनदा मागं वळला.

धोंडाबाईनं गाठोडं सोडलं. वाटी धुतली. रंगूबाई दूध ठेवून गेली. आता या घटकेला, तिच्या मनात आलं, मुंबईत आपल्या लेकापुढं कुणाचं तरी लेकरू ठेवलं असेल, आणि भोवतीनं उभे राहिलेले मोठे डॉक्टर विचारत असतील. तो कसा उभा असेल? हात उबवून घेतले असतील का त्यानं? त्या लेकराची आई तिथंच भिंतीशी बसली असेल. तिला कुणी सांगितलं असेल का, की हा नुसता शिकतोय, भिऊ नको?

तिनं चमचा भरला आणि पोरीच्या ओठाला टेकवला. पोरीनं डोळे उघडले नाहीत. धोंडाबाई थांबली. चमच्यातलं दूध थोडं कोपऱ्यातून ओघळलं, ते तिनं बोटानं टिपलं, आणि पुन्हा थांबली. उन्हाची तिरीप खाटेवरून खाली उतरली, भिंतीपर्यंत गेली. मग ओठ हलले. दूध आत गेलं. धोंडाबाई चमचा काढून घ्यायला गेली तर तो येईना. पोरीनं दातांत धरला होता.

तिनं ओढला नाही. हात अवघडेपर्यंत तशीच बसून राहिली.